जुळलेल्या टाचा

बऱ्याच गुन्ह्यांचे कागद मी निवृत्तीच्या दिवशीच मनात बांधून बाजूला ठेवले. गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या चित्रकथेचं प्रकरण मात्र काल घडल्यासारखं आठवतं.

सागवान चोरणारी टोळी तिथल्या एका ढाब्यावर सौदे करते, अशी पक्की खबर होती. मी एका शिपायाला साध्या वेशात ताटं धुवायला ठेवलं. हुशार, सोशीक गडी. काही आठवड्यांनी एका सकाळी आमच्या खबऱ्याने माझ्या टेबलावर एक वही आणून टाकली. ढाब्याच्या गल्ल्यावरून उचललेली.

"साहेब, तुमचा मानूस यात आला," तो म्हणाला.

वहीत हाताने काढलेली चित्रकथा होती. पुढच्या शतकातलं गोंदिया, आभाळात यंत्रांचा पहारा, गावतळ्यांना कुलपं, पाणी चोरणारी माणसं आणि त्यांच्यात मिसळलेले छुपे पोलीस. हे पोलीस यंत्रात डोकं घालून रोज नवा चेहरा चढवत. तरी त्यातला एक ढाब्यावर पकडला जातो, कारण कोणी जोरात हाक मारली की त्याच्या टाचा आपोआप जुळतात. चेहरा कोणाचाही असो, टाचा आमच्याच शिपायाच्या होत्या. टोळीने ही वही पाहिली, तर त्याची धडगत नव्हती.

चित्रं काढणारी बाई, खबऱ्याने सांगितलं, ढाब्यासमोर ट्रकांच्या फळ्या रंगवायची. बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून महिला हवालदाराला घेऊन साध्या कपड्यांत मीच तिच्या घरी गेलो.

"हे तुला कोणी सांगितलं?"

ब्रश पुसत ती म्हणाली, "सांगाले कोन पायजे? रोज पाहून राहिली ना मी. शेठ ओरडला का हा ताट खाली ठेवते अन् सरळ उभा होते. ताट धुनारा असा रायते का कुठं?"

"मग काढलंस कशाला? त्याचा जीव गेला असता."

"म्हनूनच काढलं. तोंडावर सांगतलं असतं तं मलेच टोळीची समजला असता. एकच वही काढली, त्यालेच वाचाले देली."

"मग?"

"वाचली, हासला. मस्त हाये म्हने. अन् गल्ल्यावर ठेवून गेला."

मला रागही आला आणि हसूही. वडील आजारी असल्याचा निरोप धाडून त्या दिवशीच शिपायाला परत बोलावलं. ठाण्यात मी नाव पुकारलं, तर टाचा खाडकन जुळल्या. त्याने स्वतःच पायांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्याच्या जागी मी आमचा म्हातारा ड्रायव्हर पाठवला. वरिष्ठ समोर आले तरी पाठ सरळ न करणारा, त्यासाठी आयुष्यभर बोलणी खाल्लेला माणूस. त्याच्यावर कोणाची नजरही गेली नाही. त्याने टिपून आणलेल्या ट्रकच्या नंबरावरून टोळी मालासह नाक्यावर सापडली.

टाचा जुळवायला आम्ही महिनोन्महिने शिकवतो, सोडवायला एक दिवसही नाही. ते त्या बाईने शिकवलं. इतकी तयार नजर मी खात्यात क्वचितच पाहिली.

मागे कोहमाऱ्याला चहासाठी थांबलो होतो. पाठीमागून आवाज आला, "साहेब!"

मी वळलो. ती हातात ब्रश घेऊन उभी होती. माझ्या चेहऱ्याकडे न पाहता तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

"रिटायर झाले ना तुमी?" ती म्हणाली. "मंग सोडा आता."