पेट्रोलचा कॉक

बाबांना हरिहरेश्वर आठवतंय तोवर त्यांना तिथं न्यायचं, एवढ्याचसाठी मी ती बाईक घेतली. लग्नानंतर आईला स्कूटरवर मागे बसवून ते तिथं गेले होते. आई गेली, आणि बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जायला लागली. शेजाऱ्यांची नावं गेली. जिथं सगळी नोकरी काढली ती अंबरनाथची कंपनी गेली. हरिहरेश्वर मात्र टिकून होतं. "पुन्हा एकदा जायचं रे," ते म्हणायचे. न्यायचं तर लवकर न्या, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. कारच्या काचा वर केल्या की बाबा घाबरून दार उघडायला जायचे. दुचाकीवर वारा लागला की शांत बसायचे.

म्हणून उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून जुनी टूरिंग बाईक उचलली. ऐसपैस सीट, मागच्याला टेकायला पाठ. "साईं, इसमें कार्बोरेटर का झंझट ही नहीं. फ्यूल इंजेक्शन है. चाबी घुमाओ, निकल जाओ," तो म्हणाला. मी भोळा, लगेच पाघळलो.

या गाडीची एक खूण असते. किल्ली फिरवली की टाकीतला पंप क्षणभर गुणगुणतो. तो गुणगुणला नाही तर स्टार्टर कितीही दाबा, काही उपयोग नाही. सुरुवातीला छान गुणगुणायचा. मग एका सकाळी बेलवलीतल्या आमच्या बिल्डिंगखाली मी किल्ली फिरवली, आणि काही म्हणजे काही नाही.

टेम्पोत घालून अंबरनाथच्या मेकॅनिककडे नेली. त्याने टाकी उतरवली, पंप बदलला, गाडी सुरू. थोडे दिवस बरी चालली आणि सोनिवलीच्या रस्त्यावर खड्ड्यात आदळून बंद पडली. पुन्हा टाकी उतरवली, रिले बदलला, सुरू. मग शहाडच्या पुलावर बंद. मागून हॉर्नचा भडिमार, त्यात एक रिक्षावाला ओरडला, "ओ काका, भंगारात घाला ना!" पुन्हा टाकी उतरवली, वायरिंग तपासलं. "सर, आता एकदम मक्खन," मेकॅनिक दर वेळी म्हणायचा, आणि त्याच्या दारातून निघताना ती खरंच तशी चालायची. त्याची गचांडी धरावी असं मला वाटायचं. पण दुसरं कुणी त्या गाडीला हात लावायला तयार नव्हतं.

इकडे हिवाळा सरत चालला होता. बाबा हरिहरेश्वरला आता "ते समुद्राचं" म्हणायला लागले. पुढे नुसतंच "ते". मी गाडीसाठी पार्टच्या मागे धावत होतो आणि घरात माझा बाप रोज थोडा थोडा संपत होता. एकदा बाथरूमचा नळ सोडून मी धाय मोकलून रडलो. बाहेर आलो तर बाबा विचारत होते, नळ कुणी चालू ठेवलाय.

एका संध्याकाळी दूध घेऊन येताना ते मला पार्किंगमध्ये दिसले. बाईकशेजारी उकिडवे बसून टाकीखाली काहीतरी चाचपत होते.

"बाबा, काय करताय?"

"कॉक बंद करतोय. तू रोज उघडाच टाकून येतोस. पेट्रोल गळतं रात्रभर."

स्कूटर होती तेव्हा घरी आल्यावर त्यांचं पहिलं काम हेच. आधी पेट्रोलचा कॉक बंद, मग कुलूप, मग जिना. या गाडीला कॉक नाहीच. तो शोधताना त्यांच्या बोटांना पंपाच्या वायरीचा कपलर लागायचा, आणि पिळून पिळून ते ती जोडणी अर्धवट सैल करायचे. मेकॅनिक टाकी उतरवायला तोच कपलर काढायचा आणि परत लावताना नीट बसवायचा. त्याची प्रत्येक दुरुस्ती खरं तर तेवढीच होती, आणि त्यालाही ते कळलं नव्हतं.

मी कपलर दाबला, किल्ली फिरवली. पंप गुणगुणला. एवढ्यासाठी सगळा हिवाळा गेला होता. ओरडायला तोंड उघडलं, पण बाबा हात पुसत उभे होते, आपलं काम झाल्यासारखे समाधानी.

या गाडीला कॉक नाही हे सांगितलं तरी त्यांच्या लक्षात राहणार नव्हतं. मी कपलरला टेप गुंडाळली, भंगारवाल्याकडून जुन्या स्कूटरचा कॉक आणला आणि टाकीखाली पक्का बांधला. त्याला ना नळी, ना काही. बाबा रोज तो बंद करायला लागले.

पुढच्याच रविवारी उजाडताना निघालो. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. बाबांना हेल्मेट घालून मागे बसवलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कुठं चाललोय आपण?"

"हरिहरेश्वरला."

"तिथं काय आहे?"

"तुम्ही आणि आई गेला होतात ना, स्कूटरवरून."

"कोणाची आई?"

मी गिअर टाकायला गेलो तोच, "अरे थांब, थांब!" म्हणत ते घाईघाईने उतरले. वाकून टाकीखाली हात घातला, कॉक फिरवला, आणि पुन्हा मागे येऊन बसले.

"उघडायचा राहिला होता," ते म्हणाले. "आता ने कुठं न्यायचं तिथं."