तारा गार होत नाही

अनुजा मागच्या बाकावर बसली होती. ती याच कॉलेजात मराठी शिकवते. पण आज फळ्यासमोर तिचा शेजारी उभा होता. वृषभदादा.

बारा वर्षं तो कागलच्या एमआयडीसीत भट्टीवर लोखंड वितळवतोय. पाळ्या सांभाळून त्यानं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं. आता डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागलाय. डॉक्टर म्हणाले, भट्टी सोडा. आजचा नमुना तास ही प्राध्यापकाच्या नोकरीसाठीची त्याची चौथी मुलाखत.

प्राचार्य विजयसिंह सरांनी प्रश्न आधीच कळवला होता : सगळं विस्कटत जातं, मग विखुरलेल्या वायूचा तारा कसा होतो?

सुरुवात छान झाली. उदबत्तीचा धूर पसरतो, आपणहून गोळा होत नाही. या विस्कटण्याचं माप म्हणजे एंट्रॉपी. पण वायूचा ढग अफाट असला, की त्याचं गुरुत्वाकर्षणच त्याला आत ओढतं. ढग आवळतो, तापतो, उजेड बाहेर टाकतो.

"उष्णता बाहेर गेली, की तारा गार होतो," तो म्हणाला. फळ्यावर लिहिलंही.

अनुजानं डोळे मिटले. काल गच्चीवर सराव करताना तो याच वाक्याला तीनदा अडला होता. "अनू, वतलेलं लोखंड उष्णता सोडतंय आन् गार हुतंय. बारा वर्सं तेच बघतोय. डोकं ऐकंना बघ माझं."

"सर, मग सूर्य अजून इझला कसा न्हाई?" पुढच्या बाकावरच्या वर्षाराणीनं विचारलं. वर्ग हसला.

वृषभदादानं हातातला खडू खाली ठेवला.

"हे भट्टीवाल्याचं उत्तर झालं," तो म्हणाला. "ताऱ्याचं उलटं हाय. उष्णता गेली की गुरुत्वाकर्षण त्याला आणखी आवळतं. आवळला की तो आणखी तापतो. आणि बाहेर गेलेला उजेड आकाशभर पसरतो. आत जेवढं आवरलं, त्याहून जास्त बाहेर विस्कटलं."

"आमच्या आईगत! घर झाडती आन् कचरा गल्लीत!" वर्षाराणी म्हणाली.

आता वृषभदादाही हसला. विजयसिंह सर हसले नाहीत.

"पाळी कितीला?"

"दोनला, सर."

"मग अकराला दुसऱ्या तुकडीला हेच शिकवा. चुकीसकट. पोरांना त्या चुकीमुळंच समजलं."

वृषभदादा फळा पुसायला वळला. सगळं पुसलं. 'तारा गार होतो' तेवढं राहिलं.

"मुद्दाम ठेवलं वाटतं," सर खूश झाले.

अनुजाला मात्र त्याचे डोळे आठवले. डस्टर त्या ओळीच्या वीतभर खाली, कोऱ्या फळ्यावर फिरत होतं. अजूनही.