पाणी आलं म्हणजे कुठलं?

गोदूला ठेवायचं की काढायचं, हे ठरवायला पूर ओसरल्यावर मांजर्लीच्या आमच्या सोसायटीत जी मीटिंग भरली, तिला गणपतीच्या आरतीपेक्षा जास्त गर्दी होती. दुसऱ्याची चूक काढायची असली की आमचे दुखरे गुडघे भराभर जिने उतरतात.

गोदू आमची पाणीवाली. मूळची बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. नवरा गेला, भातशेती दिरांनी ठेवली, हिला इथे पंपाशेजारची खोली मिळाली. नळ आला की वॉल्व्ह फिरवायचा आणि अंगणात उभं राहून हाळी द्यायची, "पानी आलं होऽऽ!" काम गेलं की खोलीही जाणार, हे तिला न सांगता कळत होतं.

तळमजल्यावरचे विष्णुपंत, केमिकल कंपनीतले निवृत्त अधिकारी, खिडकीतून तिला रोज टोकायचे.

"गोदू, पानी नव्हे. पाणी! ण!"

"काका, न म्हटलं तर बादली भरनार नाय काय?"

आतून पंतांच्या पत्नी सुहासिनीवहिनी खुदकन हसायच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या बाहेरच्या खोलीतल्या पलंगावरच. पंतांना शब्दांचा भारी नाद. संस्कृतातलं 'पानीय' म्हणजे पिण्याजोगं, त्यावरून पाणी. जे पिता येत नाही त्याला पाणी म्हणूच नये, असं ते बजावत. "मग गोदूचा न मुळातलाच की हो," असं मी एकदा म्हणालो, तर माझ्याकडे येणारा त्यांचा पेपर बरेच दिवस बंद झाला.

उल्हास नदी चढली ती भर दुपारी. कंपाउंडच्या भिंतीखालून गढूळ लोंढा आत शिरताना गोदूनं पाहिला आणि जीव खाऊन ओरडली, "पानी आलं! पानी आलं होऽ!"

सोसायटीनं काय करावं? नळ सोडले! वरच्या मजल्यांवर पिंपं सरकल्याचे आवाज. कुणी तरी म्हणतंय, "आज भलत्याच वेळेला आलं, भरून घ्या गं!" टाकीतलं पाणी नळाला येतच होतं, मग शंका कुणाला येणार? पंत बाथरूममध्ये बादली लावून उभे राहिले. इकडे गोदू दारं बडवत सुटली होती. शेवटी तिच्या तोंडून निघालं, "नदी आली! नदी!" तेव्हा कुठे माणसं बाहेर पडली. वहिनींची गादी भिजली होती. चौघांनी पलंगासकट त्यांना वर नेलं. त्या वाचल्या, पण छातीत कफ धरला तो धरलाच. पंतांनी त्यांना सांगितलं, "मी मदत बोलवायला धावलो होतो." वहिनी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या.

तर मीटिंग. सेक्रेटरी यज्ञेश तापला होता. त्याची नवी गाडी बुडाली होती.

"गोदूबाई, वेळेवर ओरडला असतात तर निदान गाड्या वाचल्या असत्या."

"वरडले ना सायेब. पानी आलं म्हनून."

"कुणी ऐकलं?"

ऐकलं म्हणावं तर आपण काय करत होतो तेही सांगावं लागणार. गोदूनं पंतांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"नळाच्या आवाजात मला काही..." ते पुटपुटले.

माझ्या जिभेला खाज फार. "पण पंत, भर दुपारी नळ सोडला कशाला होतात?"

पंतांचा हात थांबला. चेहरा असा उतरला की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

"पाणी आलं, असं ऐकलं म्हणून," ते म्हणाले. "ती ओरडली होती. मी बादली भरत होतो. सुहास बाहेरच्या खोलीत होती."

मग गोदूला काढायचा विषय कुणी काढलाच नाही. यापुढे पूर आला तर 'पूर' म्हणायचं, एवढं यज्ञेशनं बजावलं आणि खुर्च्या आवरायला घेतल्या. पंत बसूनच होते. आमच्याकडे बातमीला पाय लागत नाहीत. संध्याकाळच्या आत ती वहिनींच्या खिडकीशी पोचणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

गोदू जवळ गेली. "काका, चला. काकू एकट्या हायेत. मी येते संगं."

"नको. तू आत येऊ नकोस," पंत उठत म्हणाले. "मलाच सांगू दे तिला."

दार लागलं. आम्ही सगळे कान देऊन अंगणात उभे. आतून बराच वेळ फक्त वहिनींचा खोकला ऐकू येत होता.