टिटवीची अंडी

प्रवरेच्या वाळूत टरबुजं लावणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. युद्धाच्या वर्षांत मी नेवाशाला मास्तर होतो. रोज सकाळी आम्ही नवराबायको नदीवर पक्षी पाहायला जायचो. तिला आवाजावरून पक्षी ओळखू यायचा. मी पुस्तकात शोधायचो. तो टरबूजवाला हसायचा, "मास्तर, पाखरू पुस्तकात बसलंय व्हय?"

ती वारल्यावर महिन्याने एकटाच गेलो.

"बाई न्हाई आल्या?"

मी सांगितलं. तो खाली बसून वाळू चाळत राहिला. मग त्याने मला वेलांत नेलं. एका जागी सगळे वेल बाजूला वळवून त्याने टिटवीची चार अंडी राखली होती.

"त्यांना दाखवायची हुती. आता त्यांच्या वाटचं तुमी बघा."

टिटवी डोक्यावर ओरडत होती. मी पुस्तक न उघडता पाहत राहिलो.