माशांचं पाणी

फोन आला तेव्हा मी माशांच्या पाण्याचा ड्रम भरायला लावून भाकरी थापत होते. डेपोतून बोलत होते. "वहिनी, भगवानरावांना गाडीतच चक्कर आली... कळमनुरीच्या दवाखान्यात नेलं होतं..." पुढचं त्यांना बोलता येईना आणि मला विचारता येईना. तव्यावरची भाकरी जळाली. ड्रम भरून वाहायला लागला आणि ते गाळलेलं, लाडाचं पाणी घरभर पसरलं. धावत आलेल्या शेजारणींचे पाय त्यात भिजले. हे असते तर आधी पोतेरं घेऊन धावले असते, मग बायकांना या म्हणाले असते. महिना उलटून गेला त्याला.

भगवानराव म्हणजे आमचे हे, हिंगोली-नांदेड गाडीवर कंडक्टर. भेटायला येणारे सगळे त्यांच्या चांगुलपणाचं सांगतात. म्हाताऱ्यांना हात देऊन चढवायचे, लेकुरवाळीला जागा करून द्यायचे. मी मान डोलावते. सगळं खरं आहे. पण या घरात मी दुसऱ्या नंबरवर नांदले, हेही खरं आहे. पहिला नंबर माशांचा होता.

आमची सुनंदा शाळेत जायला लागली त्या सुमाराला, नव्वदनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, यांनी नांदेडच्या रफिकभाईंच्या दुकानातून डिस्कसची जोडी आणली. ताटलीसारखे गोल, चपटे, निळ्या रेघांचे मासे. देखणे होते, नाही म्हणत नाही. आणि देखण्या माणसांइतकेच नखरेल. आमच्या बोअरच्या जड पाण्यात ते जगायचे, अंडीही घालायचे, पण अंडी फुटून पिल्लं काही निघायची नाहीत. दोन दिवसांत ती पांढरी पडायची आणि यांचं तोंड उतरायचं. मी तापानं फणफणले तेव्हाही एवढं उतरलेलं मला आठवत नाही.

रफिकभाईंनी सांगितलं, पाणी हलकं पाहिजे. झालं... गाडी जिथं थांबेल तिथलं पाणी घरी यायला लागलं. कॅनवर कॅन. आज वाट वाकडी करून आणलेलं नरसीच्या मळ्यातल्या विहिरीचं, उद्या कळमनुरीच्या हापशाचं. आणि प्रत्येक पाण्यात मला तुरीची डाळ शिजवायला लावायचे. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ काही केल्या शिजत नसे, वरण म्हणजे दाणे वेगळे आणि पाणी वेगळं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी नवऱ्याला माझ्या स्वयंपाकाची दया आली. शेजारच्या शांताबाई म्हणायच्या, "तुमचे मालक किती करून राहिले तुमच्यासाठी! आमच्या माणसानं कवा घागर न्हाई उचलली." मी नुसती हसायचे, पण आतून फुलून गेले होते. मी ज्या शाळेत नोकरी करते तिथल्या बाईंनाही सांगून झालं होतं.

एके दिवशी नरसीच्या पाण्यात डाळ अशी शिजली की लोण्यासारखी घोटली गेली. मी कौतुकानं वाटीत वाढून पुढं ठेवली. ह्यांनी चमच्यानं दाबून पाहिली. खाल्ली नाही, दाबून पाहिली.

"बराबर हाय. हलकं पाणी हाय. यात अंडी टिकतील."

"कुणाची अंडी?"

"म्हंजे? माशांची!" मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "काहून, काय झालं?"

काय झालं ते मी सांगितलं नाही. पुढं कितीतरी दिवस मात्र मी मुद्दाम वरण केलं नाही, पिठलंच केलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, आणि याचा मला जास्त राग आला.

नरसीच्या पाण्यातही अंडी टिकली नाहीत. मग वारंगा फाट्याच्या बॅटरीवाल्याकडून बॅटरीत घालायचं पाणी आलं. त्याच्याइतकं शुद्ध काहीच नाही म्हणून ह्यांनी टाकी त्याच पाण्यानं भरून टाकली. पण इतकं कोरं पाणी जिवंत अंगाला सोसत नाही. मासे आडवे झाले. हे टाकीसमोर रडले. सासूबाई गेल्या तेव्हा पुरुषमाणूस म्हणून डोळे कोरडे ठेवणारा माणूस दोन माशांसाठी ढसाढसा रडला. मी पाठीवरून हात फिरवला, पण मनात म्हणाले, माझ्यासाठी रडाल का हो असे?

पुढं शुद्ध पाण्याची मशीन आली. आमच्या गल्लीतली पहिली मशीन आमच्याच घरी बसली आणि बायका पाहायला आल्या. पाहतात तर नळी स्वयंपाकघरात नाही, माशांच्या ड्रममध्ये! गाळलेलं पाणी माशांना, आणि मशीन जे खारट पाणी बाहेर टाकते ते माझ्या भांड्यांना. आम्ही आपले बोअरचंच पीत राहिलो. त्या गाळलेल्या पाण्यात थोडं बोअरचं मिसळून ह्यांनी नव्या जोडीला दिलं, आणि पिल्लं निघाली. डिस्कसची पिल्लं आईबापाच्या अंगाला चिकटतात, अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात. आई दमली की बाप पुढं होतो.

"पाहा, बाप कसा पाजून राहिला!" हे मला हात धरून दाखवत होते.

"पाहून घ्या नीट," मी म्हटलं. "काही शिकता आलं तर शिका."

हे हसले आणि गल्लीत पेढे वाटायला गेले. सुनंदाच्या वेळी ह्यांची ड्यूटी होती. पेढे माझ्या भावानं वाटले होते.

तर परवा मी रफिकभाईंना बोलावून घेतलं. आता टाकीत आहे ती जोडी, त्यांच्याच दुकानातली, घेऊन जा म्हटलं. सुनंदाही म्हणाली होती, आई, तुझ्यानं होणार नाही. ते पिशव्या घेऊन आले. बाह्या सारून त्यांनी पाण्यात हात घातला आणि दोन्ही मासे सरळ त्यांच्या बोटांपाशी आले, अंग घासायला लागले. महिनाभर मी खाऊ घालते आहे, पाणी बदलते आहे, आणि मी जवळ गेले की हेच मासे कोपऱ्यात तोंड लपवतात.

"पाहा भाभी, ओळखतेत मला," रफिकभाई म्हणाले.

मी पुढं झाले आणि टाकीचं झाकण उचलून हातात घेतलं, माझं मलाच नवल वाटलं.

"रफिकभाई, हात काढा," मी म्हटलं. "मासे द्यायचे न्हाईत."

"काहून? तुमीच तर बोलावलं. उगी तकलीफ कशाला घेता? तुमाला तर हे कवा आवडले न्हाईत."

"न्हाईच आवडत. सवती हायत माझ्या. पण सवत झाली म्हणून तिला परक्याच्या घरी धाडतं का कोणी? तिच्याशिवाय आमच्या माणसाविषयी मी बोलायचं कुणाशी?"

रफिकभाईंनी बाहीला हात पुसला, मग डोळे पुसले. चहा घेऊन गेले.

आता शाळेतून आले की मी टाकीसमोर स्टूल ओढून बसते. मासे माझ्याकडं पाठ करून असतात. मीही काही त्यांचे लाड करत नाही. पाहू, आधी कोण वळतं.