पुस्तकाला पाय लागला तेव्हा

गोदामात आज एक नवी बाई कामाला लागली. सुनंदा, नांदेडची. ट्रॉली ढकलताना तिचा पाय पुस्तकांच्या खोक्याला लागला, तशी ती चटकन वाकली, खोक्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि पुन्हा ट्रॉली ढकलू लागली.

मी बघत राहिले. सांगलीत मी चौदा वर्षं शाळेची ग्रंथपाल होते. कॅनडात आल्यावर वाचनालयांत अर्ज केले. सगळीकडून एकच उत्तर आलं, इथला अनुभव हवा. मग हे ऑनलाइन विक्रीचं गोदाम मिळालं. पुस्तकं इथंही आहेत, फक्त ती उघडायची नसतात, त्यांच्यावर पत्त्याचं लेबल चिकटवायचं असतं. वाईट वगैरे आता वाटत नाही. आठ तास उभं राहिलं की पायांचंही काही वाटत नाही.

तिला वाकताना पाहून सुपरवायझरनं सुनंदाला विचारलं, "पाठ दुखतेय का?" ती गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मीच सांगून टाकलं, "हो, जरा दुखतेय."

तो गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, खोटं कशाला बोललात? पाय लागला म्हणून नमस्कार केला, एवढंच."

"सुरुवातीला मीपण करायचे."

"मग कधी सोडलं?"

आठवेना. मी खाली बघितलं. लेबलं लावताना जरा आराम म्हणून माझा डावा पाय पुस्तकांच्या एका खोक्यावर टेकवलेला होता. सकाळपासून.