चिखलीच्या जिनमधला तिसरा अंतरा

भूत, करणी, लागीर... यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. तरी हे सांगतेय, कारण त्या दुपारी मी एकटी नव्हते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मुंबईत एका हॉटेलच्या बँडमध्ये गायचे. जुनी नाट्यपदं, भावगीतं जॅझच्या ढंगाने म्हणायची — संथ, कानात बोलल्यासारखी. भाचीच्या साखरपुड्याला ताईने हट्टाने चिखलीला बोलावलं. सोबत आमचा सॅक्सोफोनवाला रॉबर्ट होता.

कार्यक्रम भाऊजींच्या जिनिंग फॅक्टरीत. हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळे कापसाचं गोदाम रिकामंच. आदल्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघं तिथे तालमीला उभे राहिलो. दारं सताड उघडी. समोर जिनच्याच अंगणात ताई बायकांबरोबर गहू निवडत बसलेली.

आई म्हणायची ते एक पद घेतलं. दोन अंतरे झाले. धृपदावर यायला श्वास घेतला... आणि गळ्यातून तिसराच अंतरा निघाला. त्या पदाला तिसरा अंतरा नाहीच! थांबायला गेले — थांबता येईना. आवाज माझा, पण माझ्या ताब्यात नाही. पाय उचलेनात. अंतरा संपत आला की पुन्हा तोच सुरू. रॉबर्टकडे पाहिलं. त्याचा ओठ फुटून रक्त आलेलं, डोळ्यांतून पाणी, आणि तो वाजवतोच आहे!

ताईने मान वर करून पाहिलं. मी डोळ्यांनी विनवत होते — ये गं, ओढून काढ मला इथून... ती हसली आणि पुन्हा गहू निवडू लागली.

ऊन उतरल्यावर ती चहा घेऊन आली. माझा दंड धरून म्हणाली, "अशी पुतळ्यावानी काऊन उभी हायेस वं?"

हात लागला तसा सूर तुटला. मी खालीच बसले.

"ताई, मी मघापासून गाऊन राह्यले..." घसा सोललेला, आवाज फुटेना. "तुले ऐकू नाही आलं?"

"तुह्यं त तोंडच बंद होतं. याचा बाजा तेवढा ऐकू येऊन राह्यला होता मले."

रॉबर्टला मराठी येत नव्हतं. पण ताईने माझ्या तोंडाकडे केलेली खूण पाहून, ओठावर रुमाल दाबून तो म्हणाला, "नहीं बाई, वो गा रही थी. मैं छोड़ना चाहता था, छूटता ही नहीं था."

तेवढ्यात भाऊजी आले. म्हणाले, ऊन लागलं असेल. मलाही तेच पटत होतं. पण ताईने रॉबर्टला बाजूला नेऊन काहीतरी विचारलं, मग माझ्याकडे आली.

"काय गाऊन राह्यली होतीस, सांग."

मी सांगितलं — 'दार उघडं गं बाई, मी जाऊ कशी...'

ताईचा चेहरा उतरला. रॉबर्टनेही, अर्थ न कळता, हेच शब्द तिला म्हणून दाखवले होते.

तिने साखरपुडा घरच्या अंगणात हलवला. कारण कुणालाच सांगितलं नाही. मला मात्र जाताना हळूच म्हणाली, "तुह्यं तोंड बंद होतं, हे म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. मंग गायलं कोनं?"